अभेद्यची मूठ

आज मुलगी जाताना हसली. दारात चपला घालता घालता मागं वळली, मोकळेपणानं हसली आणि म्हणाली, "आई, आता शांत झोप बघू." तेव्हापासून माझी झोप उडाली आहे. ती चिडून, दार आपटून गेली असती तर मी एव्हाना दुसऱ्या कुशीवर वळले असते. तिच्या रागाची मला सवय आहे, निम्मा तर मीच ओढवून घेतलेला असतो. पण हे असं हसू तिला लागलेलं लपवायचं असलं की येतं. लहानपणी गुडघा फोडून आली की आधी हे हसू दिसायचं, मग रक्त.

गॅस बंद आहे, बघून आले. कडी लावलेली आहे. आमचे हे घोरताहेत, म्हणजे त्यांचंही बरं चाललंय. घरात काळजी करण्यासारखं काही शिल्लक राहिलं नाही, म्हणून स्वयंपाकघरातल्या टेबलाशी लिहायला बसले.

काळजी आहे ती अशी. मुलगी चित्रकथांच्या कारखान्यात काम करते. कारखाना हा तिचाच शब्द. इतकी वर्षं तिथं मान मोडून काम करूनही तिचं नाव कधी छापून आलेलं नाही, कारण मुखपृष्ठावर एकट्या मालकांचं नाव असतं. उद्या सकाळी नवा अंक छपाईला जाणार आहे आणि त्यात तिचं नाव पहिल्यांदा येणार आहे. शेवटच्या पानावर, चौकटीत, माफीच्या मजकुरात. ज्या चुकीची माफी मागायची ती तिनं केलेलीच नाही, आणि तरी ती गप्प आहे ती माझ्यामुळे.

सगळं झालं एका मुठीवरून. मूठ माझी. पण असं एकदम सांगून ते कुणाला पटणार नाही, मलाच पटायला वेळ लागला. म्हणून मुलीपासून सुरुवात करते.

तिला पहिल्यापासून हातांचं वेड. इतर मुलं माणसं काढायची, गोल डोकं आणि काडीचे पाय. ही नुसते हात काढायची. पाहुणे उठून गेले की कागद घेऊन बसायची आणि थोड्या वेळानं त्यांचे हात आमच्या टेबलावर हजर. माझ्या भावाचे हात काढले तेव्हा दोन बोटांच्या टोकांना तिनं पिवळा रंग दिला. भावानं सिगारेट सोडलेली नाही हे माझ्या वहिनीला असं कळलं. पुढं जे झालं ते आमच्याच बैठकीत झालं. भाऊ अजूनही हिच्यासमोर हात खिशात घालून बसतो. शाळेत 'माझं कुटुंब' काढायला सांगितलं तर हिनं टेबलावर ठेवलेले सहा हात काढले. बाईंनी मला बोलावून घेतलं आणि फार मायेनं विचारलं, घरात काही ताण आहे का. मी म्हटलं, आहे, पण तो माझा आहे, मुलीचा त्याच्याशी संबंध नाही.

तिनं कुठंतरी नीट खुर्चीची नोकरी धरावी, निवृत्तीनंतर काही हातात पडेल अशी, असं मला फार वाटायचं. एका नोकरीच्या परीक्षेला तर मी स्वतः घेऊन गेले आणि बाहेर बाकावर बसून राहिले. ती आली तेव्हा तिच्या प्रश्नपत्रिकेच्या पाठीवर पर्यवेक्षकाचे हात होते, पाठीमागं एकमेकांत गुंफलेले. इतके हुबेहूब होते की त्या माणसाला कंटाळा आलाय हेसुद्धा समजत होतं. निकालाची वाट मी पाहिली नाही.

लग्नाचं बोलणं निघालं तेव्हाही तेच. मुलगा शिकलेला, शांत, घरचे चांगले. दोघं चहाच्या दुकानात भेटली. घरी येऊन म्हणाली, "तो कप धरत नाही, आवळतो." विषय संपला. त्यानंतर बरेच दिवस मी आमच्या यांचा कपावरचा हात बघत होते. ते धरतात की आवळतात, हे मला अजून ठरवता आलेलं नाही, आणि आता ठरवून उपयोगही नाही.

कारखाना टायरच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर आहे. जिन्यात रबराचा वास, वर शाईचा. लांबच लांब टेबलं आणि प्रत्येकावर मान वाकवता येणारा दिवा. तिथं एक माणूस पुरा करायला अनेक माणसं लागतात. चेहरे मालक काढतात, त्यांना दुसऱ्या कुणाला शिवू देत नाहीत. धड आणि पाय एकाकडे, त्याला पायवाला म्हणतात. पूल, इमारती, आगगाड्या आणखी एकाकडे. माणसांच्या तोंडाजवळ बोलण्याचे फुगे काढून त्यांत अक्षरं भरतो तो फुगेवाला. आणि हात येतात माझ्या मुलीकडे, कारण हात कुणालाच जमत नाहीत. बोटं गाजरासारखी तरी होतात, नाहीतर एखादं जास्त तरी निघतं. म्हणून ती हातवाली. पान फिरत फिरत तिच्या टेबलावर येतं तेव्हा त्यातली सगळी माणसं मनगटाशी संपलेली असतात. मी पहिल्यांदा बघायला गेले तेव्हा मला खाली बसवून पाणी द्यावं लागलं होतं.

त्यांच्या नायकाचं नाव अभेद्य. नाव ऐकून मला आधी कुलपांची कंपनी वाटली होती. अंगाला चिकटलेला पोशाख, खांद्यावरून मागं उडणारी लांब शाल. ऐन थंडीत कानाला काही न बांधता ढगांतून फिरतो. याला आई नाही, हे बघताक्षणी कळतं. पण पूर्वी मला तो आवडायचा. खचलेले पूल खांद्यावर धरायचा, पुरातून लोकांना काढायचा. त्याचा शत्रू गंजराज, जो चोरून लोखंड खायचा. मी बसमधून पुलावरून जाताना श्वास रोखून धरणारी बाई आहे, तेव्हा कुणीतरी पुलांकडे लक्ष देतंय याचं मला बरं वाटायचं.

मग शेजारच्या देशाशी बिनसलं, त्यातच निवडणूक आली आणि सत्तेतल्या पक्षानं अभेद्यला भिंतींवर चढवलं. छातीवर त्याच्या पुलाची कमान असायची, तिथं झेंडा आला. मालकांनी आनंदानं परवानगी दिली. शाळांच्या वाचनालयांसाठी अंक उचलले जाऊ लागले, कारखान्यात नवे दिवे लागले. गंजराज हळूहळू दिसेनासा झाला. त्याच्या जागी सरहद्दीपलीकडची माणसं आली, सगळी एकजात जाड भुवयांची. आमच्या यांच्या भुवया तशाच आहेत, म्हणून मी अंक दर्शनी ठेवणं बंद केलं.

विरोधक म्हणाले, अभेद्य मुळात आमचा, तो गोरगरिबांचे पूल सावरायचा. त्यांनीही त्याला उभा केला. आमच्या घराजवळच्या मैदानावर शनिवारी यांची सभा असायची आणि रविवारी त्यांची. पुठ्ठ्याचा ताडमाड अभेद्य मात्र एकच, फलक रंगवणारा मधल्या वेळात शालीचा रंग तेवढा बदलायचा. एकदा घाईत अर्धीच बदलून झाली, तर दोन्हीकडच्या लोकांना वाटलं की तो आपल्याकडे यायला निघालाय.

आता हे सगळं मला कळायला हवं होतं. मी राज्यशास्त्राची पदवीधर आहे. 'राष्ट्र आणि त्याची प्रतीकं' असा लांबलचक निबंध मी कॉलेजात लिहिला होता आणि प्राध्यापकांनी तो वाचून, हा विषय पुढं न्या, असं म्हटलं होतं. मी तो पुढं नेला बसथांब्यापर्यंत. समोरच्या इमारतीवर अभेद्यची दोन मजली मूठ रंगवलेली होती. तिच्याकडे बघत मी रोज उभी राहायची आणि मनात यायचं, हा माणूस कशाला तरी घाबरलाय बिचारा. असे बरेच दिवस गेले. मग एका सकाळी ऊन तिरकं पडलं आणि मला करंगळीचं वाकडं पेर दिसलं. माझं बोट खिडकीच्या फटीत सापडून तसं झालेलं आहे.

मुलगी कारखान्याजवळ खोली घेऊन राहते, पण रविवारी येते. येताना कागद आणते, कारण फुकटात मिळणारे हात माझेच. आई, कात्री धर. आई, पडदा ओढ. आई, समोर कुणीतरी आहे, त्याला थांब म्हण. मला त्याचं काही वाटत नाही. चेहऱ्याकडे कुणी बघत नसलं की बाईला तेवढाच आराम. एका रविवारी आम्ही दोघी बाहेर निघालो होतो. जिना उतरले आणि वाटलं, कुलूप लागलं नाही. वर जाऊन ओढून पाहिलं. खाली आले, पुन्हा वाटलं. किल्ली मुठीत घट्ट आवळून, आता परत वर जावं की मुलीसमोर अब्रू राखावी, अशी मी मधल्या पायरीवर अडकले होते. ती म्हणाली, "आई, हलू नकोस." आणि तिथंच बसून तिनं ती मूठ काढली. अंगठा आत, चार बोटं वरून. घाबरट माणूस मूठ अशीच वळतो. मी तर कायम अशीच वळत आले.

तिला ती एका गोष्टीसाठी हवी होती. त्या अंकात धरण फुटायला आलेलं असतं आणि अभेद्य पहिल्यांदा घाबरतो. घाबरतो, आणि तरी जातो. चेहरा मालकांनी नेहमीसारखा दगडी काढून दिलेला, म्हणजे भीती दाखवायची तर हातातूनच दाखवायला हवी. ते पान वर धरून मालक सगळ्यांना म्हणाले होते म्हणे, "हे बघा, याला हात म्हणतात." पक्षाच्या लोकांनी त्या पानातून मूठ तेवढी कापून मोठी केली. धरण, पाणी आणि भीती कागदावरच राहिली.

भिंतीवर आपली मूठ ओळखू आल्यावर एखादीला अभिमान वाटला असता. मी मुलीला बोलावून घेतलं आणि बजावलं, हे कुणाला कळता कामा नये. सरकार बदललं तर? उद्या युद्धच झालं तर? कुणी पत्ता काढत दारात आलं तर? ती म्हणाली, हातावरून कुणी कुणाला पकडत नाही. मी म्हटलं, बोटांच्या ठशांवरून पकडतात. शेवटी कंटाळून तिनं शब्द दिला की हात कुणाचा हे ती कधीच सांगणार नाही. माझी मुलगी दिलेला शब्द पाळते. हे वळण मीच लावलेलं आहे, आता काय बोलणार.

इकडं मूठ वाढतच गेली. एका वक्त्यानं उलगडून सांगितलं की आतला अंगठा म्हणजे जनता आणि वरची चार बोटं म्हणजे तिला जपणारे नेते. टाळ्या थांबेनात. लोक तशा मुठी उंचावू लागले. आमच्या यांनी एकदा आरशासमोर करून पाहिली आणि म्हणाले, बरं वाटत नाही, काहीतरी आत विसरल्यासारखं होतं.

मग टीव्हीवर मुष्टियुद्धाच्या एका प्रशिक्षकाला बोलावलं होतं, भलत्याच विषयावर बोलायला. त्याच्या मागच्या पडद्यावर ती मूठ होती. तो जाता जाता म्हणाला की या मुठीनं ठोसा मारला तर समोरच्याला काही होणार नाही, मारणाऱ्याचाच अंगठा जाईल. विरोधकांनी हे वाक्य डोक्यावर घेतलं. सत्तेतल्या पक्षाच्या युवा अध्यक्षांनी ते खोटं पाडायला पत्रकारांसमोर टेबलावर मूठ हाणली. त्यांचं प्लास्टर अजून निघालेलं नाही.

आता कुणावर तरी खापर फुटायलाच हवं होतं. कारखान्यात पक्षाकडून तीन माणसं आली. आवाज न चढवता बसली, चहा घेतला आणि विचारलं की देशाच्या मुठीत हा भित्रेपणा कुणी घातला, आणि चुकून की मुद्दाम. इतरांचे चेहरे इतके दगडी काढणाऱ्या मालकांचा स्वतःचा चेहरा अगदी पातळ झाला. ती माणसं गेल्यावर मालकांनी मुलीला बाजूला घेतलं. म्हणाले, "यांच्याकडे दोनच शब्द आहेत, चूक नाहीतर अपमान. अपमान म्हटलं तर कारखाना बंद होईल. तू चूक म्हण, बाकीचं मी निस्तरतो." तिसरंही एक सांगता आलं असतं, आणि तेच खरं होतं: समोर हात जसा होता तसा काढला. पण मग पुढचा प्रश्न आलाच, कुणाचा हात? आणि तिथं तिनं मला दिलेला शब्द आडवा. ती म्हणाली, चूक म्हणा.

यातलं एक अक्षर तिनं मला सांगितलेलं नाही. सांगितलं फुगेवाल्यानं. आज संध्याकाळी कारखान्याचं काम आटोपल्यावर तो तिला आमच्याकडे सोडायला आला, मी त्याला जेवायला थांबवलं, आणि त्याला वाटलं मला सगळं ठाऊकच आहे. ताटाकडे बघत तो म्हणाला, "काकू, मी राक्षसांचं बोलणं लिहिलं, खुन्यांचं लिहिलं, कधी काही वाटलं नाही. काल ताईचं नाव लिहिताना मात्र तीनदा कागद बदलला." मुलीनं टेबलाखालून त्याला लाथ मारली, ती मला लागली. मग मी सोडते होय. चौकटीत काय लिहिलंय ते मी त्याच्याकडून वदवून घेतलंच. तो मान खाली घालून म्हणाला, "आमच्या चित्रकर्तीला हातांच्या रचनेचं पुरेसं ज्ञान नसल्यामुळे. असं सुरू होतं."

पुढचं मी ऐकलं नाही. हातांचं ज्ञान नाही. जिनं मामाची सिगारेट हातावरून ओळखली, त्या मुलीला.

"असू दे गं," ती म्हणाली. "चार दिवसांत विसरतील लोक."

"आणि तू?"

"मी काय. सध्या हात पायवाल्याकडे जाणार आहेत. मला काळं भरायला दिलंय, सावल्या वगैरे. सावल्यांना बोटं नसतात, बरंय." आणि ती हसली, दारात हसली तशीच.

मी म्हणायला तोंड उघडलं की थांब, मी सांगते त्यांना, हात माझा आहे. खरंच उघडलं होतं. त्यातून बाहेर पडलं, "सूप गार होतंय." तिनं माझ्याकडे पाहिलं. तिला कळलं. मग फार हळू म्हणाली, "तुला नाही झेपायचं, आई. रोज कुणीतरी दारात येईल. तू झोपणार नाहीस." फुगेवाल्यानं दोनदा सूप वाढून घेतलं, बहुतेक लाजेनं.

तर ती मला झोप लागावी म्हणून काळं भरणार आहे, आणि मी टक्क जागी आहे. या व्यवहारात कुणाचंच काही भलं होताना मला दिसत नाही.

दारात येणार कोण, याचा मी आता नीट विचार करून पाहिला. टीव्हीवाले येतील, जिन्यात चपलांचा ढीग होईल, शेजारच्या वहिनी त्यांना माझी सगळी माहिती देतील, कुलुपाची सवयही सांगतील. एक जण म्हणेल अपमान, दुसरा म्हणेल कट. आणि लोक हसतील. देशाचा पोलादी हात निघाला एका बाईचा, जिला आपल्या दाराला कुलूप लागलंय की नाही हेसुद्धा एका फेरीत कळत नाही. हे ऐकून तर मीही हसेन. हसणारी माणसं मला घरातच भरपूर आहेत, बाहेरचे हसले तर असं काय वेगळं होणार आहे. अपमान कुणी म्हणालंच तर म्हणेन, मुद्दाम घाबरायला मला कुणी शिकवलेलं नाही, मी आपोआप घाबरते. हवं तर पुन्हा जिन्यात उभी करा.

मघाशी आत जाऊन यांना हलवलं. म्हटलं, "अहो, ती भिंतीवरची मूठ आहे ना, ती माझी आहे."

डोळे न उघडता म्हणाले, "माहीत आहे. दोन मजली आहे ती, मला दिसत नाही होय?"

"मग बोलला कसे नाहीत इतके दिवस?"

"तू घाबरशील म्हणून," असं म्हणून ते भिंतीकडे वळले आणि पुन्हा घोरू लागले. म्हणजे या घरात सगळे मला सांभाळत बसले होते, आणि मला वाटत होतं की काळजी करण्याचं खातं माझ्याकडे आहे.

मालक झोपलेले नसतील. अंक छपाईला जायचा असला की ते कारखान्यातच असतात. त्यांचा नंबर मला पाठ आहे. मुलीला उशीर झाला की मी तो लावते, आणि मी काही बोलायच्या आत ते म्हणतात, "निघाली हो, बाई." आज त्यांना तसं म्हणू देणार नाही. आज आधी मी बोलणार आहे. शेवटच्या पानावरची चौकट काढून टाका, म्हणणार आहे. माझ्या मुलीचा हात चुकलेला नाही, तो हात मुळात तसाच आहे आणि माझा आहे. खात्री करून घ्यायची असेल तर छपाई सुरू व्हायच्या आत मी तो घेऊन येते. लावतेच आता फोन.